फोर बाय फोरचा जॉइंट क्रॉस: खाऱ्या हवेत तो सांभाळायचा कसा आणि घरच्या घरी बदलायचा कसा

रिव्हर्स टाकून क्लच सोडला की खालून 'टण्' असा आवाज येतो, किंवा सकाळी गाडी हळूहळू वाडीच्या उतारावरून येताना खाली रातकिडा बसल्यासारखं 'चिक चिक चिक' ऐकू येतं आणि वेग वाढवला की ते चिकचिकणंही वाढतं, तर घाबरून लगेच गिअरबॉक्स खोलायला जाऊ नका. दहातल्या बऱ्याच वेळा तो जॉइंट क्रॉस असतो. पुस्तकी नाव युनिव्हर्सल जॉइंट, पण चिपळूण-रत्नागिरीच्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात 'क्रॉस द्या' म्हटलं की पुरे.

मी मेकॅनिक नाही. बागेच्या कामाला जुनी फोर बाय फोर जीप आहे, गुहागरच्या बाजूला सड्यावर कलमं आहेत, आणि दर वेळी गाडी तालुक्याला नेऊन दिवस घालवणं परवडत नाही म्हणून हळूहळू हे शिकलो. पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी लिहितोय, ज्यांना येतं त्यांनी ग्रीसचं तेवढं वाचा आणि सोडून द्या.

आधी हा प्रकार काय आहे ते. गाडीखाली वाकून बघितलं की ट्रान्सफर केसपासून (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) मागच्या हाउसिंगपर्यंत, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत, एक लांब दांडा जातो, तो प्रोपेलर शाफ्ट. फोर बाय फोरला तसाच एक पुढच्या हाउसिंगलाही असतो. आता इंजिन-गिअरबॉक्स चॅसिसला पक्कं आणि हाउसिंग मात्र पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर, वरखाली नाचणारं, मग त्या दांड्याला फिरता फिरता वाकता आलं पाहिजे, म्हणून दोन्ही टोकांना एकेक क्रॉस. साध्या जीपला दोन शाफ्टचे मिळून चार. जिप्सीवाल्यांना जरा जास्त काम, कारण तिची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी बसवलेली आणि मध्ये एक आखूड शाफ्ट, म्हणजे तीन शाफ्ट नि सहा क्रॉस. त्या मधल्या आखूड शाफ्टला ग्रीस मारायचं कितीतरी जण विसरतात. काही गाड्यांत पुढच्या चाकाजवळ नकलच्या आतही क्रॉस असतो आणि काहींत तिथे सीव्ही जॉइंट असतो, पण ते काम वेगळं, त्यात आज जात नाही.

क्रॉस म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा, त्याला चार खुंट. प्रत्येक खुंटावर एक कप, कपाच्या आत कडेने उभ्या लावलेल्या सुया, साधारण आगकाडीच्या जाडीच्या. समोरासमोरचे दोन कप एका दोन कानांच्या चिमट्यात, म्हणजे योकमध्ये, बाकीचे दोन दुसऱ्या योकमध्ये. कप बाहेर येऊ नये म्हणून लॉक. बस एवढंच. कल्पना बरीच जुनी आहे, सतराव्या शतकात रॉबर्ट हुकने यावर काम केलं म्हणून इंजिनीअर लोक याला हुक्स जॉइंट म्हणतात, आणि मोटारीसाठी क्लॅरेन्स स्पायसरने १९०३ साली पेटंट घेतलं, दुकानात 'स्पायसर'चा क्रॉस म्हणून जो मिळतो तो हाच स्पायसर.

यातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. चाकाच्या बेअरिंगमधल्या गोळ्या गोल गोल फिरतात त्यामुळे ग्रीस आपोआप सगळीकडे पसरतं. क्रॉसच्या सुया तशा फिरतच नाहीत, त्या जागच्या जागी थोड्या पुढे थोड्या मागे डुलतात. म्हणजे सगळा भार त्याच त्याच जागी, ग्रीस संपलं तर त्याच जागी संपणार आणि पाणी शिरलं तर तेही तिथेच बसून राहणार. मग खुंटावर सुयांच्या आकाराच्या खाचा पडतात, अगदी नांगरट केल्यासारख्या ओळीने.

माझा पहिला क्रॉस गेला तेव्हा चिपळूणच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने तो हातात घेऊन बोटाने लाल पूड काढून दाखवली आणि म्हणाला, "झिजला नाय रे बाबू हा, कुजलाय." तेव्हापासून मी आमच्याकडच्या क्रॉसकडे तसंच बघतो. घाटावर गाडी वापरणाऱ्यांचा क्रॉस झिजून जातो, आपला कुजून जातो. पावसाळ्यात वहाळातून गाडी काढायची, रस्ताभर पाणी, वर खारी हवा. आणि गाडी पुळणीवर नेली नाही म्हणजे वाचलो असं पण नाही, हर्णैच्या बंदरावरून मासळी भरून येणाऱ्या पिकअप बघा, हौद्यातल्या बर्फाचं खारट पाणी फटीतून थेट खालच्या शाफ्टवर गळतं. अशा गाडीचा मागचा क्रॉस कधीच वेळेवर मरत नाही, आधीच मरतो.

पुळणीचा विषय निघालाच आहे तर, नेऊ नका. वेळास, आंजर्ले, गुहागर इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, रेतीखाली काय आहे ते टायरला दिसत नाही. आणि भरतीला रुतलेली गाडी काढायला शेवटी ट्रॅक्टर आणावा लागतो तेव्हा बघणाऱ्यांची करमणूक होते तेवढीच.

आधी तपासा

गाडी सपाट जागेवर घ्या. चारही चाकांपैकी निदान दोन चाकांना पुढून-मागून आधार लावा, आणि इथे एक सांगतो, आपल्याकडे हाताशी जांभ्याचा तुकडा असतो म्हणून लोक तोच लावतात. जांभा चुरतो. काळा दगड किंवा लाकडाचा ओंडका घ्या. आणि गाडी वर उचलून जांभ्याच्या चिऱ्यावर ठेवून खाली झोपायचं तर अजिबात नाही, चिरा कधी फुटेल सांगता येत नाही, जॅक स्टँड नसेल तर कोणाकडून तरी मागून आणा पण चिरा नको.

गिअर न्यूट्रलला. शाफ्ट गरम असेल तर थांबा. आता एका हाताने शाफ्ट धरा आणि दुसऱ्या हाताने पलीकडची फ्लॅंज (शाफ्ट बोल्टने जिला जोडतात ती चकती), आणि कपडा पिळल्यासारखं उलटसुलट पिळा. क्रॉसमध्ये हललेलं हाताला कळलं, म्हणजे एक योक हलला आणि दुसरा त्याच क्षणी हलला नाही, तर तो क्रॉस गेला. 'थोडासा प्ले चालतो' असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, क्रॉसमध्ये हाताला लागणारा प्ले म्हणजे संपलेला क्रॉस. दोन्ही योक मिळून एकदम थोडे फिरत असतील तर तो प्ले हाउसिंगच्या आतल्या क्राऊन-पिनियन गिअरचा आहे, थोडा असतोच, त्याला क्रॉस काय करणार. अंदाज येत नसेल तर अंगठा कप आणि योकच्या सांध्यावर ठेवून पिळा, नखाला बरोबर कळतं.

मग शाफ्ट वर-खाली ढकलून बघा. तिथे हलला तर क्रॉस किंवा स्लिप योकच्या (शाफ्टच्या मधल्या सरकत्या भागाच्या) खाचा, दोन्ही बघा.

आता लाल पूड. पुस्तकात लिहिलेलं असतं की कपाच्या सीलभोवती गंजाची लालसर पूड दिसली की आत ग्रीस नाही समजा. बरोबर आहे, पण आपल्याकडे सगळी गाडीच लाल असते, माती कुठली आणि गंज कुठला ते कळणार कसं. मी असं करतो की डिझेलच्या फडक्याने चारही कप लख्ख पुसतो आणि चार दिवस गाडी चालवतो. माती सगळीकडे सारखी बसते. गंज फक्त त्या एका कपाभोवती बांगडीसारखा येतो.

आवाजाचं म्हणाल तर, चिकचिक म्हणजे कोरडा पडलाय, अजून वाचू शकतो. टण् म्हणजे बहुतेक गेला. आणि ठरावीक वेगाला सीटखाली थरथर येत असेल तर क्रॉस असेल, शाफ्टला मार बसून पोचा आला असेल, किंवा कोणीतरी शाफ्ट चुकीचा जोडला असेल, त्याची गोष्ट पुढे येतेच.

पुढच्या शाफ्टकडे विशेष बघा. ज्यांच्या गाडीला फ्री व्हील हब (पुढची चाकं शाफ्टला जोडणारे-सोडणारे हब) आहेत त्यांचा पुढचा शाफ्ट हब उघडे असताना फिरतच नाही. चार-चार महिने एकाच जागी उभा, आत शिरलेलं पाणी खालच्या कपात साठलेलं, आणि मग गरज पडते त्या दिवशी फोर व्हील टाकली की 'कडाक'. महिन्यातून एकदा तरी हब लॉक करून मातीच्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर चालवा. मातीच्या म्हटलंय, डांबरावर नाही. पार्ट टाइम फोर व्हीलला मध्ये डिफरन्शियल नसतं, वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मातीत टायर थोडा घसरून ते सांभाळून घेतो, कोरड्या डांबरावर घसरत नाही आणि सगळा पीळ येतो क्रॉसवर.

ग्रीस, म्हणजे निम्मं काम

दुकानात नुसतं ग्रीस मागितलं की एपी ३ चा डबा पुढ्यात येतो. ते व्हील बेअरिंगचं चांगलं ग्रीस आहे, काहीच नसण्यापेक्षा शंभर पटीने बरं, पण क्रॉसला जरा मऊ आणि दाब सोसणारं लागतं, म्हणून लिथियम ईपी २ मागा. ज्यांची गाडी सतत पाण्यात-खाऱ्यात असते त्यांनी कॅल्शियम सल्फोनेट ग्रीस मिळालं तर बघावं, बोटीवर वापरतात ते, पाण्याने धुऊन जात नाही, महाग आहे पण क्रॉसला लागतं किती. एकच जात ठरवा आणि तीच वापरा, दोन जातीची ग्रीस कधी कधी एकत्र आली की पातळ होऊन गळून जातात.

ग्रीस गन हाताची चालते. निप्पल (क्रॉसवरचं ग्रीस भरायचं बारीक तोंड) आधी पुसा, नाहीतर निप्पलवरची माती तुम्हीच आत ढकलता. गन सरळ लावा आणि हळू दाबा. आता बघायचं काय, तर चारही कपांच्या सीलमधून ग्रीस बाहेर आलं पाहिजे. आधी काळं येईल, कधी पाणी मिसळलेलं दुधाळ येईल, ते येऊ दे, स्वच्छ नवीन ग्रीस दिसेपर्यंत दाबत राहा. तीन कपांतून आलं आणि चौथ्यातून नाही आलं तर काम झालेलं नाही, तो चौथाच पुढे तुम्हाला रस्त्यात उभा करणार. गाडी थोडी पुढे घेऊन शाफ्ट अर्धा फेरा फिरवा आणि परत मारा, त्या कपाच्या बाजूला शाफ्ट दाबून धरा, बहुतेक वेळा वाट सुटते. निप्पलच जाम असेल तर काढून नवीन लावा, क्षुल्लक किमतीची वस्तू आहे.

शाफ्टच्या मध्ये जो सरकणारा भाग असतो, स्लिप योक, त्यालाही एक निप्पल असतं. तिथे मात्र हावरटपणा नको. दोन-तीन झटके बस. तिथे ठासून भरलं तर शाफ्टला आखूड व्हायला जागाच राहत नाही आणि खड्ड्यात गाडी बसली की तो धक्का थेट ट्रान्सफर केसच्या बेअरिंगला जातो.

किती दिवसांनी मारायचं? माझा हिशेब असा, कोरड्या दिवसांत दर पाच हजार किलोमीटरला, जून ते सप्टेंबर दर महिन्याला, आणि गाडी हबपर्यंत पाण्यात गेली तर किलोमीटर बघायचे नाहीत, त्याच दिवशी संध्याकाळी. उद्यावर टाकलं की रात्रभर पाणी आत. खाऱ्या पाण्याचा संबंध आला असेल तर आधी गोड्या पाण्याने धुवा, आणि गोडं म्हणजे खरंच गोडं, किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, त्याच पाण्याने गाडी धुतली तर मीठ काढून मीठच लावलं. सर्व्हिसिंग सेंटरवाल्याच्या प्रेशरचा फवारा क्रॉसच्या सीलवर जवळून मारू देऊ नका, पाणी सील ओलांडून आत जातं. साधा नळीचा धबधबा पुरतो. धुणं आधी, ग्रीस नंतर, उलट नाही.

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात ज्यांच्या गाड्या बुडाल्या त्यांना हे सांगायची गरज नाही. इंजिन, वायरिंग, सीट सगळं केलं लोकांनी, आणि क्रॉसकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, मग काही महिन्यांनी एकेकाचा आवाज यायला लागला.

काढायचा कसा

सामान असं लागेल: पाने, गोटी पान्याचा (सॉकेटचा) सेट, लॉक काढायची पक्कड, हातोडा, पंच, तारेचा ब्रश, गंज सोडवायचा स्प्रे, ग्रीस गन आणि एक शेगडा, म्हणजे बाकावरचा व्हाइस. शेगडा नसेल तर गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे शाफ्ट घेऊन जा, तासभर वापरू देतात, चहा पाजा.

आदल्या रात्री सगळ्या बोल्टवर स्प्रे मारून ठेवा. सकाळी मारून लगेच पाना लावला तर बोल्टचं डोकं गोल होणार, मग छिन्नी, मग शिव्या.

चाकांना आधार लावा, पुढून आणि मागून. हे परत सांगतोय कारण शाफ्ट काढला की गिअरमध्ये ठेवलेली गाडी त्या चाकांना धरत नाही, आणि काही जुन्या जीपांना हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागेच, प्रोपेलरच्या वाटेवर असतो, म्हणजे शाफ्ट निघाला की हँडब्रेक पण गेला. उतारावर हे काम करूच नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पाना लावायच्या आधी खुणा करा. फ्लॅंज आणि योक दोन्हीवर मिळून एक सरळ रेघ, ऑइल पेंटने किंवा पंचाने ठिपके. स्लिप योक आणि दांडा यांच्यावरही तशीच. पुढच्या आणि मागच्या टोकाला वेगवेगळ्या खुणा.

मग हाउसिंगकडचे बोल्ट आधी. शाफ्ट एका टोकावर लोंबकळत सोडू नका, तारेने चॅसिसला बांधा. जुन्या जीपांत फ्लॅंजऐवजी यू-बोल्टने कप धरलेले असतात, तिथे ते काढल्या काढल्या दोन्ही मोकळ्या कपांना टेप गुंडाळा, नाहीतर कप खाली पडतो आणि सुया मातीत. दांड्याच्या नळीवर हातोडा मारायचा नाही, बारीक पोचा आला तरी बॅलन्स जातो. नळीवर पत्र्याचे छोटे तुकडे वेल्ड केलेले दिसतील, ते बॅलन्सचे आहेत, घाण समजून काढू नका.

शाफ्ट बाहेर आला की घासून स्वच्छ करा. लॉक गंजून बसलेलं असतं, पक्कड लावायच्या आधी कपावर पंचाने एक हलका ठोका द्या, लॉक मोकळं होतं. चारही लॉक काढा. मग शेगड्यात योक असा धरा की एका बाजूला कपापेक्षा लहान गोटी आणि दुसऱ्या बाजूला कप आत मावेल एवढी मोठी गोटी. शेगडा आवळत जा, लहान गोटी एक कप आत ढकलते आणि पलीकडचा कप मोठ्या गोटीत बाहेर येतो. पूर्ण येणार नाही, पाच-सहा मिलिमीटर आला की तो कपच शेगड्यात पकडा आणि योक हलवत हलवत ओढून घ्या. मग उलटा करून दुसरा.

निघतच नसेल तर लोक गॅस पेटवतात. आमच्या इथे एका गॅरेजमध्ये माझ्या शाफ्टच्या योकला लाल होईपर्यंत तापवलं होतं, कप निघाला खरा, पण योकचं भोक सैल झालं आणि नंतर कुठलाच क्रॉस त्यात नीट बसेना. शेवटी जुना शाफ्ट शोधून आणला. तापवण्यापेक्षा स्प्रे मारून एक दिवस थांबा.

योकची भोकं एमरी पेपरने हलक्या हाताने पुसा, लॉकच्या खाचेतला गंज टोकदार काहीतरी घेऊन काढा. खाच साफ नसेल तर नवीन लॉक नीट बसणार नाही आणि तुम्हाला वाटेल बसलंय.

नवीन क्रॉस

जुना क्रॉस सोबत घेऊन दुकानात जा. एकाच मॉडेलला वर्षाप्रमाणे वेगवेगळे क्रॉस असतात, कपाचा व्यास आणि समोरासमोरच्या कपांमधलं अंतर दोन्ही व्हर्नियरने मोजून घ्या. दोन प्रकार दाखवतील, निप्पलवाला आणि बिननिप्पलचा सीलबंद. सीलबंदात आतून भोक नसल्याने तो मुळात मजबूत असतो हे खरं, पण आत पाणी गेलं तर ते बाहेर काढायला वाट नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याने निप्पलवाला घ्यावा असं माझं मत. आणि स्वस्तातला घेऊ नका, मी एकदा घेतला, एका आंब्याच्या सीझनलाही पुरला नाही.

आता सुयांची गोष्ट. नवीन क्रॉसचे कप काढताना ते सरळ वर काढायचे, आणि काढल्यावर आत बघायचं की सुया कडेने दाट उभ्या आहेत ना, मध्ये फट नाही ना. कंपनीतून येतं ते ग्रीस फक्त सुया धरून ठेवण्यापुरतं असतं, बोटाने आणखी थोडं लावा. मी पहिल्यांदा खळ्यात बसून हे केलं तेव्हा एक कप गुडघ्यावरून घरंगळला आणि सुया गेल्या सारवणावर. बाबांनी माळ्यावरून जुन्या रेडिओचा स्पीकर काढला, त्याचं लोहचुंबक जमिनीवरून फिरवलं, एक सोडून सगळ्या मिळाल्या. ती एक अजून सापडली नाही. एक सुई कमी चालेल असं वाटलं होतं, नाही चालत, बाकीच्या तिरक्या होतात. दुसरा क्रॉस आणावा लागला. तेव्हापासून मी हे काम मोठ्या परातीत करतो.

बसवताना आधी एक कप योकमध्ये अर्धवट दाबा. मग क्रॉस आतून सरकवून त्याचा खुंट त्या कपात घाला, म्हणजे सुयांना आधार मिळतो. मग समोरचा कप. आता शेगड्यात दोन्ही कप एकदम दाबत जा आणि दाबताना क्रॉस हाताने सतत इकडून तिकडे हलवत राहा, खुंट दोन्ही कपांत असला पाहिजे. कप योकच्या पातळीला आला की लहान गोटी लावून लॉकच्या खाचेपर्यंत ढकला.

इथे एक फसगत ठरलेली. लॉकची खाच दिसायला दोन-तीन मिलिमीटर बाकी आणि कप पुढे जाईना. जोर लावू नका. बहुतेक एक सुई आडवी होऊन कपाच्या तळाशी पडलीय. काढा, सुई उभी करा, परत बसवा. जोर लावलात तर कप फुटेल किंवा सुई चुरगळेल.

निप्पलचं तोंड कुठे करायचं हे आधीच बघा, दांड्याच्या बाजूला आणि ग्रीस गन पोचेल असं. दोन्ही टोकांची निप्पल एकाच बाजूला आली तर पुढे गाडीखाली झोपून एका दमात दोन्हीला ग्रीस मारता येतं. उलटं बसलं की दर महिन्याला स्वतःलाच शिव्या.

लॉक घातल्यावर पंचाने टेकवून बघा, खाचेत 'टिक्' करून बसलं पाहिजे. मग योकच्या कानांवर बाहेरून हातोड्याचा हलका ठोका द्या, दोन्ही बाजूंना, म्हणजे कप लॉकला जाऊन टेकतात आणि क्रॉस मोकळा होतो. आता हाताने वाकवून बघा. सगळीकडे सारखा, जरा घट्टसर पण गुळगुळीत हलला पाहिजे. एका दिशेला अडखळत असेल तर परत ठोका, तरी अडखळला तर परत खोला. लगद्यासारखा लोंबत असेल तर तुमचा योक तरी गेलाय किंवा क्रॉस चुकीच्या मापाचा आहे.

परत चढवताना

खुणा कशाला केल्या ते आता. एकटा क्रॉस कोनात फिरला की पलीकडचं टोक सारख्या वेगाने फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतं, दोनदा मागे पडतं. कोन १० अंश असेल तर फरक दीड टक्क्याचा, ३० अंश झाला तर एकीकडे १५ टक्के आणि दुसरीकडे १३ टक्के. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा फरक उलटा करून मिटवतो, पण कधी, तर दांड्याची दोन्ही टोकांची योक एकाच रेषेत असतील आणि दोन्हीकडचे कोन सारखे असतील तेव्हा. स्लिप योक काढून एखाद्या खाचेने फिरवून घातला की मिटायच्या ऐवजी वाढतो.

माझ्या जीपला एकदा असंच झालं होतं. गॅरेजमधून आली आणि पन्नासच्या पुढे सगळी गाडी थरथरायला लागली, मी दोनदा व्हील बॅलन्सिंग केलं, टायर पुढे-मागे केले, पाट्यांचे बुश बदलले, आणि शेवटी एके दिवशी गाडीखाली झोपून नुसतं शाफ्टकडे बघत बसलो तेव्हा दिसलं की एका टोकाचा योक आडवा आहे आणि दुसऱ्या टोकाचा तिरका. काढला, दोन खाचा फिरवला, बसवला. संपलं. खर्च शून्य, आणि आधीचा खर्च मोजायला नको. बऱ्याच शाफ्टवर बाणाच्या खुणा असतात, ग्रीस आणि चिखल पुसून बघा.

गाडी उंच करणाऱ्यांनी हाच हिशेब लक्षात घ्यावा, शॅकल (पाट्या चॅसिसला जोडणारी कडी) लांब केलं की कोन वाढतो, थरथर वाढते आणि क्रॉस लवकर जातो. दिसायला भारी दिसते हे मान्य.

शाफ्ट चढवा, खुणा जुळवा, नायलॉक नट नवीन घ्या. बोल्ट समोरासमोरचे आलटून पालटून आवळा आणि शेवटी गाडीच्या मॅन्युअलमध्ये असेल तेवढा टॉर्क. यू-बोल्टवाल्यांनी जोर जरा आवरा, जास्त आवळलं की कप चपटतो आणि सुया जाम होतात. मग चारही कपांतून येईपर्यंत ग्रीस. वाडीत एक फेरी मारा, रिव्हर्स-फर्स्ट करून ऐका, आणि थांबल्यावर कपांजवळ लांबूनच हात धरून बघा, एकच कप बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तो आवळून बसलाय. शंभर एक किलोमीटरनंतर परत पाना लावा, एखादा नट थोडा फिरतोच.

रस्त्यात तुटला तर

फोर बाय फोरचा एक फायदा इथे आहे. मे महिन्यात धोपाव्याला फेरीबोटीतून उतरून पेट्या भरलेली गाडी चढाला लागली आणि मागचा क्रॉस गेला, शाफ्ट रस्त्यावर आपटायला लागला. थांबलो, दगड लावले, मागचा शाफ्ट पूर्ण काढून पेट्यांवर टाकला, हब लॉक केले, फोर व्हील हायला टाकली आणि फक्त पुढच्या चाकांवर घरी आलो, हळूहळू. पार्ट टाइम फोर व्हीलला हे चालतं. ज्यांचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये सरकवलेला असतो, फ्लॅंजवर नाही, त्यांनी शाफ्ट काढला की तिथून ऑइल वाहतं, त्या भोकाला प्लॅस्टिक आणि रबर बांधल्याशिवाय पुढे जाऊ नये. पुढचा क्रॉस तुटला तर तो शाफ्ट काढून टू व्हीलवर या, पण काढाच, पुढचा शाफ्ट पुढच्या टोकाला सुटून रस्त्यात रुतला तर गाडी त्याच्यावर उभी राहायला बघते.

म्हणून पाने गाडीतच ठेवा. आणि बदललेला जुना क्रॉस भंगारात देऊ नका, एक कप बरा असेल तर डिझेलने धुऊन, ग्रीस लावून, पिशवीत बांधून सीटखाली टाका. परक्या गावात दुकानदाराला मॉडेल-वर्ष सांगत बसण्यापेक्षा तोच काउंटरवर ठेवला की तो कपाटाकडे वळतो.